जिवंत आहे ना, मग निघ

सुवर्णा लग्न होऊन मखमलाबादला आली तेव्हा तिला गाडी चालवता येते हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे वडील नांदगाव-मनमाड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. शाळेला सुट्टी असली की ती पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसायची. उन्हाळ्यात आठवडेबाजाराचं पटांगण रिकामं पडलं की वडील तिला स्टेअरिंगवर बसवायचे आणि स्वतः बाजूला बिडी ओढत उभे राहायचे. बारावी व्हायच्या आधीच ती जीप पुढे घालत होती, मागे घेत होती, चढावर क्लच धरत होती. लग्नाच्या बोलणीत ही गोष्ट कुणी काढली नाही. काढून उपयोगही नव्हता.

सासर फुलशेतीवालं. सासरे चिमाजी यांनी पाटाच्या पाण्यावर झेंडू, शेवंती, थोडा गुलाब असं उभं केलं होतं. नवरा ज्ञानेश बाजार बघायचा. घरात एक पिकअप होती आणि तिच्यावर रोजंदारीचे ड्रायव्हर यायचे. कधी यायचे, कधी नाही. एका दसऱ्याच्या आदल्या पहाटे ड्रायव्हर आलाच नाही. झेंडूची कॅरेटं भरून तयार, ज्ञानेशची कंबर धरलेली, त्याला उठून बसता येईना. फूल काही थांबत नाही. अंबूबाई, म्हणजे सुवर्णाची सासू, अंगणात डोक्याला हात लावून बसली. तेव्हा सुवर्णाने पदर खोचला, नवऱ्याच्या उशाखालून किल्ली घेतली आणि गाडी काढली.

पंचवटीतल्या फुलबाजारात त्या दिवशी हमाल हसले. "वहिनी, मागं घ्यायला माणूस बोलवू का?" असं एकाने विचारलं. सुवर्णाने दोन टेम्पोंच्या मधल्या बोळात पिकअप उलटी घातली, आणि आरशाला आरसा लागला नाही. पुढच्या आठवड्यापासून ती रोजच जायला लागली. लायसन्स काढलं. ज्ञानेशची कंबर बरी झाली तरी त्याची पहाटे उठायची सवय काही परत आली नाही. दोन-तीन वर्षांत बाजारात तिचं नाव 'पिकअपवाली वहिनी' पडलं. व्यापारी तिच्याशीच फुलांच्या भावाचं बोलायचे, तिच्या मालाला जागा ठेवायचे. अंबूबाई हळदीकुंकवाला सांगायची, "आमची सून गाडीवर जाती. पोरगा म्हणा ना." सुवर्णालाही ते आवडायला लागलं. रस्त्यात चालणाऱ्या माणसांना ती हॉर्न मारायची तो जरा जास्तच लांब मारायची. डोक्यावर भारा घेतलेल्या बाया दचकून कडेला व्हायच्या, आणि ती आरशात त्यांच्याकडे बघायची.

तीनेक वर्षांमागे मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी तिचा पहिला माल हातोहात गेला. गुरुवारच्या पूजेमुळे फुलाला मागणी होती. दुसरी खेप लगेच आणली तर तीही जाणार होती. रिकामी कॅरेटं मागे टाकून ती परत निघाली आणि गर्दी टाळायला पाटाच्या कडेचा रस्ता धरला. धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. अशा रस्त्यावर जितका वेग हवा त्याच्या दुप्पट वेगाने गाडी पळत होती. तेवढ्यात फोन वाजला. व्यापाऱ्याचा असणार म्हणून तिने शेजारच्या सीटवर हात लांब केला.

वळणावर एक म्हातारा सायकलवरून येत होता. मातोरीचा धोंडीराम. डेअरीवर दूध घालून घरी चालला होता, हँडलला दोन्हीकडे रिकाम्या कॅना. सुवर्णाने मान वर केली तेव्हा सायकल बंपरच्या डाव्या कोपऱ्याशी होती. तिने ब्रेक दाबला. आधी आवाज पत्र्याचा झाला, मग एक वेगळा आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. मागची कॅरेटं धडाधड घसरली. गाडी थांबली.

ती उतरली. सायकल पुढच्या चाकाखाली अडकली होती. म्हातारा पाटाच्या भरावाला टेकून पडला होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. धोतर लाल होत चाललं होतं. तो ओरडत नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अगदी घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "बाई, पाणी दे जरा."

पाण्याची बाटली केबिनमध्ये होती. सुवर्णा केबिनकडे गेली आणि तिने हातात फोन घेतला. नवऱ्याला लावला.

"अहो, गाडीखाली माणूस आला."

ज्ञानेशचा आवाज झोपेतला होता, तो एकदम जागा झाला. "कुठं?"

"पाटावर. मातोरीच्या फाट्याच्या अलीकडं. म्हातारे आहेत. पाय गेलाय हो त्यांचा."

"कुणी पाहिलं का?"

तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "नाही. कुणी नाहीये."

"लोक जमले तर तुला सोडतील का? गाडी जाळतील. ऐकतेस ना?"

"अहो, पण ते बोलतायत. पाणी मागतायत."

"जिवंत आहे ना? मग निघ. कुणीतरी उचलेल."

ती बोलतच राहिली. सिव्हिलला नेऊ का, ॲम्ब्युलन्स बोलावू का, गाडीत एकटीने कसं घालू, तुम्ही येता का. प्रत्येकाला ज्ञानेशचं उत्तर तेच होतं, आणि दर वेळी त्याचा आवाज जास्त चढत होता. शेवटी त्याने फोन ठेवला. म्हातारा तिच्याकडेच बघत होता. त्याने हात थोडा उचलला, मागण्यासाठी की अडवण्यासाठी, कोण जाणे. ती गाडीत बसली. चाकाखालची सायकल निघेना, म्हणून तिने गाडी मागे घेतली, सायकल मोडल्याचा आवाज ऐकला, वळसा घातला आणि गेली.

घरी येऊन तिने पहिल्यांदा पाण्याचा पाइप लावला. बंपर धुतला, चाकं धुतली, परत धुतली. अंबूबाई बाहेर आली. "आता कशापायी धुती? दुसरी खेप नाय का न्यायची?" सुवर्णा म्हणाली, "चिखल लागला होता." ज्ञानेश दारात उभा होता. तो आईला म्हणाला, "आज नको जाऊ दे तिला. बरं वाटत नाहीये तिला." फुटलेला इंडिकेटर संध्याकाळी बदलून आणतो, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. तिने भाकरी केल्या, वाढल्या. स्वतःही जेवली. जेवण गेलं, याचं तिला नंतर पुष्कळ दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

दुपारी पोलीस आले. जीपमधून एक फौजदार, एक हवालदार आणि एक महिला पोलीस. हवालदाराच्या हातात पिवळं प्लास्टिकचं कॅरेट होतं. बाजारात कॅरेटं बदलू नयेत म्हणून प्रत्येक शेतकरी आपल्या कॅरेटांवर नाव रंगवतो. त्यावर चिमाजींच्या हाताने, लाल ऑइलपेंटने त्यांचंच नाव आणि खाली मखमलाबाद असं लिहिलेलं होतं. ब्रेक लागला तेव्हा ते उडून भरावाच्या गवतात पडलं होतं.

फौजदाराने आवाज चढवला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, फुटक्या इंडिकेटरला बोट लावलं, ओल्या जमिनीकडे पाहिलं. मग ज्ञानेशला विचारलं, "गाडी तुमच्या नावावर आहे. सकाळी कोण चालवत होतं?"

चिमाजींनी मध्ये तोंड घातलं, "रोजंदारीचा ड्रायव्हर असतो साहेब, त्याचं नाव..."

"बाबा, तुम्हाला नाही विचारलं. मालकाने सांगायचं असतं. खोटं सांगितलं तर मालकही आत."

ज्ञानेशने सुवर्णाकडे पाहिलं नाही. "माझी बायको," तो म्हणाला.

ते खरंच होतं. म्हणून त्या क्षणी सुवर्णाला त्याचं काही वाटलं नाही. नंतर, खूप नंतर, तिला आठवलं की त्याला ते शब्द शोधावे लागले नव्हते.

ठाण्यात तिला कळलं की म्हातारा जिवंत आहे. छाटणीच्या मजुरांना घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर त्या रस्त्याने गेला, त्यांनी त्याला उचललं. पण ट्रॅक्टर यायला फार वेळ गेला होता. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी दुपारच्या आतच पाय गुडघ्याच्या वरून काढला. महिला पोलीस हे सांगताना चहा पीत होती. "वेळेत आणला असता तर निदान प्रयत्न झाला असता, असं डॉक्टर म्हणत होते," ती म्हणाली आणि सुवर्णालाही चहा विचारला.

गुन्हा जामिनाचा होता, म्हणून ती संध्याकाळी घरी आली. गाडी आणि फोन जप्त झाले. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश तिला घेऊन किशोर वकिलांकडे गेला. सीबीएस बसस्थानकाजवळ जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही तिथं थांबला असता, म्हाताऱ्याला गाडीत घालून सिव्हिलला नेलं असतं आणि स्वतः जाऊन पोलिसांत सांगितलं असतं, तर मी तुम्हाला बहुतेक दंड भरून घरी पाठवलं असतं. अपघात कुणाच्याही हातून होतो, कोर्टालाही ते कळतं. जखमीला टाकून जाणं हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे. आणि तो असा आहे की बाकीचं सगळं त्याच्या उजेडात बघतात."

"लोकांच्या भीतीने गेली," ज्ञानेश म्हणाला.

"कायदा ते ऐकतो. जमाव अंगावर आला असेल तर थांबलंच पाहिजे असं नाही. पण जमाव होता का?"

ज्ञानेश खिडकीबाहेर बघू लागला.

"फोन कुणाला केला होता?" वकिलांनी विचारलं. सुवर्णाने नवऱ्याकडे पाहिलं. ज्ञानेशने सांगितलं, आपण काय म्हणालो तेही सांगितलं, फक्त जरा मऊ करून. वकिलांनी चष्मा पुन्हा घातला. "हे या खोलीत राहू द्या. तुम्ही 'निघ' म्हणालात हे बाहेर आलं तर तुमचंही नाव येईल. घरातला एक जण अडकलाय, तेवढं पुरे आहे. दोघं अडकून कुणाचं भलं होणार?"

हे तिच्या समोर बोललं गेलं. तिने मान हलवली. पाण्याचं मात्र तिने वकिलांना सांगितलं नाही. ते ज्ञानेशही विसरला होता, किंवा त्याने ऐकलंच नसावं.

चिमाजींना वाटलं, बसून मिटवता येईल. ते जुन्या वळणाचे गृहस्थ, गावकीतली भांडणं त्यांनी मिटवलेली. एका सकाळी ते मातोरीला गेले. धोंडीराम तेव्हा सिव्हिलमध्येच होता. घरी त्याची बायको बायडाबाई म्हशीला पेंड घालत होती. तिने त्यांना बसायला घोंगडी टाकली, सगळं ऐकून घेतलं.

"झालं ते वाईटच झालं," चिमाजी म्हणाले. "पोरीच्या हातनं चूक झाली. आपुन शेजारपाजारची माणसं. तुमी कोर्टात जरा हात राखून बोलला तर आमी बी तुमाला अंतर देणार नाय."

बायडाबाईने पेंडीचा हात लुगड्याला पुसला. "पाय घेऊन आला का तुमी?"

चिमाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"नाय ना आणला? मंग कशाला आला? उठा."

ते उठले. घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ते सुवर्णाच्या हातचा चहा घेईनासे झाले. अंबूबाई त्यांचा चहा वेगळा करायची.

ज्ञानेशने पिकअप सोडवून आणली आणि कायमचा ड्रायव्हर ठेवला. सुवर्णा पुन्हा फुलं तोडायला जाऊ लागली. बाजारातल्या एका व्यापाऱ्याने पहिले काही दिवस तिची चौकशी केली, मग त्याने ड्रायव्हरशी भावाचं बोलायला सुरुवात केली. मखमलाबादच्या बायका तिच्याशी बोलायच्या, पण तिच्यासमोर कुणाच्या पायाला काटा लागला तरी गप्प व्हायच्या. तिची मुलगी हर्षाली तेव्हा नववीत होती. शाळेत कुणीतरी तिला मोबाईलवर एक बातमी दाखवली. बातमीत नाव नव्हतं, 'महिला चालक फरार' एवढंच होतं. हर्षाली घरी येऊन म्हणाली, "आई, फरार म्हणजे पळून गेलेलाच ना?" सुवर्णा म्हणाली, "मी घाबरले होते गं." मुलीने दप्तर ठेवलं आणि आजीच्या खोलीत जाऊन बसली.

खटला उभा राहायलाच दोन वर्षं गेली. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. आणि मग एका दुपारी धोंडीराम साक्षीला आला. दोन्ही काखांत कुबड्या, मागे बायडाबाई. उजव्या बाजूला धोतर गुंडाळून कमरेला खोचलेलं. त्याला बसायला खुर्ची दिली. सुवर्णाने त्याला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तो तेव्हापेक्षा पुष्कळ लहान दिसत होता.

सरकारी वकिलांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. सांगण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "गाडी आली. मी पडलो. ही बाई उतरली. मी म्हनलो, बाई, पाणी दे जरा. ती फोनवर बोलत व्हती. लय येळ बोलत व्हती. मंग गाडीत बसली, गाडी माज्या सायकलीवरनं मागं घेतली आन् गेली."

"पाणी दिलं का?"

"नाय."

किशोर वकिलांनी वळून सुवर्णाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिची कीव नव्हती, आपल्याला हे आधी का सांगितलं नाही एवढाच राग होता. मग ते उलटतपासणीला उभे राहिले.

"आजोबा, त्या दिवशी सकाळी तुम्ही दारू घेतली होती."

धोंडीरामच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तो वकिलांकडे बघत राहिला.

"उत्तर द्या. हो की नाही?"

"मी दूध घालून येत व्हतो."

"हो की नाही ते सांगा."

"नाय."

"तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तुम्हाला लांबचं दिसत नाही. गाडी कोण चालवत होतं हे तुम्ही पाहिलेलं नाही. पोलिसांनी शिकवलं म्हणून सांगताय."

"ती माज्यापाशी उभी व्हती," धोंडीराम म्हणाला. "लांब नव्हती."

वकील आणखी बराच वेळ विचारत राहिले. तुम्ही रस्त्याच्या मधून चालवत होता, तुमच्या सायकलला ब्रेक नव्हते, भरपाईसाठी खोटं बोलताय. म्हाताऱ्याला खुर्चीवर नीट बसता येत नव्हतं. तो दर प्रश्नाला जरा सावरून बसायचा, उत्तर द्यायचा. हे सगळे प्रश्न आदल्या दिवशी ऑफिसात सुवर्णासमोर ठरले होते, आणि दारूचा प्रश्न विचारू का असं वकिलांनी विचारलं तेव्हा ज्ञानेश "विचारा" म्हणाला होता. तीही नाही म्हणाली नव्हती. मागच्या बाकावर बायडाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. तिची नजर वकिलांवर नव्हती, सुवर्णावर होती.

डॉक्टरांची साक्ष झाली. रक्तवाहिनी दबली होती, लवकर उपचार मिळाले असते तर पाय वाचण्याची शक्यता होती, असं त्यांनी सांगितलं. मोबाईल कंपनीची नोंद आली. त्या सकाळी, त्या ठिकाणाहून, आरोपीच्या फोनवरून एकच कॉल झाला होता. ॲम्ब्युलन्सला नाही, पोलिसांना नाही. घरी.

मग सरकार पक्षाने ज्ञानेशला बोलावलं. गाडीचा मालक म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून तो पिंजऱ्यात उभा राहिला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"माझी पत्नी."

"तिचा फोन आला होता?"

"आला होता. पण रेंज नव्हती. काही ऐकू आलं नाही."

"ऐकू येत नव्हतं तर इतका वेळ फोन चालू कसा राहिला?"

"मी हॅलो हॅलो करत होतो," ज्ञानेश म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली आणि हसू थांबलं. पिंजऱ्यातून उतरताना ज्ञानेश तिच्या अगदी जवळून गेला. त्याच्या शर्टाला तिने वापरलेल्या साबणाचा वास येत होता. तो शर्ट तिनेच धुतला होता.

शेवटी न्यायाधीशांनी तिला एकेक गोष्ट विचारली. साक्षीदार असं सांगतो, तुमचं काय म्हणणं आहे? वकिलांनी पढवलं होतं, प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचं. ती देत गेली. खोटं आहे. खोटं आहे. माहीत नाही. खोटं आहे.

"जखमीने तुमच्याकडे पाणी मागितलं आणि तुम्ही दिलं नाही, असं तो सांगतो."

इथे ती थांबली. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली, वाट पाहिली. धोंडीराम आला नव्हता, पण बायडाबाई आली होती. तिने पहिल्यांदाच मान पुढे केली. सुवर्णाने मागे पाहिलं. ज्ञानेश मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता.

"खोटं आहे," ती म्हणाली.

निकाल लागला. गंभीर दुखापतीबद्दल आणि जखमीला मदत न देता निघून गेल्याबद्दल दोषी. गाडी धुतली म्हणून पुरावा नष्ट केल्याचं कलम लावलं होतं, ते टिकलं नाही. वकिलांनी बाईमाणूस, पहिलाच गुन्हा, मुलगी शिकतेय असं सांगून पाहिलं. न्यायाधीश म्हणाले की नुसत्या अपघाताचा प्रश्न असता तर कोर्टाने दंडावर विचार केला असता. पण आरोपी उतरली होती, तिने पाहिलं होतं, तिच्याकडे फोन होता. सहा महिने साधी कैद, दंड, जखमीला भरपाई, लायसन्स रद्द.

अपील करता येत होतं. तोवर शिक्षा थांबवूनही मिळाली असती. किशोर वकिलांनी ते कोर्टाच्या पायऱ्यांवरच सांगितलं. संध्याकाळी घरात बैठक झाली. चिमाजी, अंबूबाई, ज्ञानेश. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अजून किती वर्षं ओढायचं हे?" ज्ञानेश म्हणाला. "दर तारखेला फुलं टाकून जायचं. हर्षालीची बारावी आहे. आणि अपिलात सगळं परत उकरतील, फोनबिन. सहा महिने काय, बघता बघता जातात."

अंबूबाई म्हणाली, "लगीनसराई संपली की जाऊ दे. आता तोडणीला माणूस नाय."

"आई, ते आपल्या हातात नसतं."

कुणीतरी सुवर्णाला विचारील म्हणून ती उभी राहिली होती. कुणी विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच सांगितलं, "जाते मी." तिला वाटलं होतं यावर कुणीतरी काहीतरी बोलेल. ज्ञानेश म्हणाला, "मग उद्या वकिलांना तसं कळवतो," आणि उठला.

नाशिकरोडच्या तुरुंगात बायकांच्या बाजूला तिला धान्य निवडायचं काम मिळालं. तिथे नवऱ्याला मारलेल्या बायका होत्या, चोऱ्या केलेल्या होत्या. एकीने तिला विचारलं, तू काय केलंस? तिने सांगितलं. ती बाई म्हणाली, "थांबायचं की गं," आणि सुपातलं धान्य पाखडायला लागली.

ज्ञानेश एकदा आला. ड्रायव्हर बरा आहे, शेवंतीला भाव नाही, असं सांगून गेला. बारावी संपल्यावर हर्षाली आजीबरोबर आली. मधे जाळी होती. अंबूबाईने डोळ्याला पदर लावून घेतला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. मुलगी उंच झाली होती. सुवर्णाने इतक्या दिवसांत एकच गोष्ट मनात घोटली होती. कोर्टाला नाही, वकिलाला नाही, पण या पोरीला तरी खरं कळलं पाहिजे.

"हर्षू, तुझ्या बाबांना फोन लागला होता. रेंज होती. मी त्यांना सांगितलं म्हातारे जिवंत आहेत, पाणी मागतायत. ते म्हणाले, जिवंत आहे ना, मग निघ."

हर्षालीने ऐकून घेतलं. तिचा चेहरा बदलला नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तेव्हा घरातच होते. शाळेला आवरत होते. बाबा किती मोठ्याने बोलत होते."

सुवर्णा जाळीजवळ सरकली. "मग तू कधी बोलली नाहीस ते?"

"काय बोलणार? बाबा म्हणाले, आणि तू निघालीस. गाडी तर तूच चालवत होतीस ना?"

पुढच्या मुलाखतीला हर्षाली आली नाही. पुण्याला शिकायला गेली, असं अंबूबाईकडून कळलं.

सुटली त्या दिवशी तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. ड्रायव्हरला बाजार होता. ती बसने सीबीएसला आली आणि तिथून मखमलाबादकडे जाणाऱ्या रिक्षात बसली. रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून सगळे वाट बघत होते. शेवटची बाई आली ती बायडाबाई. तिच्या हातात औषधांची पिशवी होती. जागा सुवर्णाच्या शेजारीच होती.

"सरक जरा," बायडाबाई म्हणाली.

सुवर्णा सरकली. रिक्षा निघाली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. गोदावरीवरचा पूल गेला, पंचवटी गेली. बायडाबाईने एकदा तिच्याकडे वळून पाहिलं, मग समोर पाहिलं.

"सुटलीस?"

"हो."

"बरं."

सुवर्णाने विचारलं, "कसे आहेत बाबा?"

"म्हशी इकल्या," बायडाबाई म्हणाली. "हागायला बी उचलून न्यावं लागतं. रातीचं म्हनत्यात, पायाचा आंगठा खाजतोय, खाजव. मी हात फिरवते हंतरुणावर, जितं पाय व्हता तितं."

रिक्षातल्या बाकीच्या माणसांनी बाहेर बघायला सुरुवात केली होती. सुवर्णाला माफी मागायची होती. सहा महिने तिने ते शब्द जुळवून ठेवले होते. तिने तोंड उघडलं.

"नको," बायडाबाई म्हणाली. "गप बस."

मखमलाबादला सुवर्णा उतरली. मातोरीला जाणारी बायडाबाई तशीच बसून राहिली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिने औषधांची पिशवी ठेवली. घरी अंबूबाई अंगणात शेवंती निवडत होती. तिने सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चहा ठेवला, आणि कप हातात देताना म्हणाली, "उद्या पहाटं तोडणीला ये. दोन बाया कमी हायेत."